थांबलेला सूर, धावणारी लय

वर एक स्वरसमूह नुसता पसरलेला असतो. आठ-आठ ठोके तो जागचा हलत नाही. खाली बेस, म्हणजे खर्जाचा सूर, मात्र पळत असतो, एकेका ठोक्याचे चार तुकडे करत, एकही तुकडा न चुकवता, दम न खाता. मधेच ड्रमचा एक भलामोठा ठोका पडतो आणि घुमायला लागतो न लागतो तोच गप्प होतो. सिंथवेव्ह, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरच्या आवाजांवर अलीकडच्या कलाकारांनी उभं केलेलं संगीत, म्हटलं की माझ्या कानात आधी हे उभं राहतं.

या संगीताबद्दल बोलणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती गुलाबी-निळ्या निऑन रंगांपासून, ऐंशीच्या दशकापासून, स्मरणरंजनापासून. ते सगळं आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण मला या संगीतानं धरून ठेवलंय ते या दोन गतींनी. ख्यालात विलंबित आधी येतो, द्रुत मागाहून. एकातून दुसऱ्यात जायला गायक वेळ घेतो. इथे दोन्ही एकाच क्षणी चालू असतात. पसरलेल्या सुरांतून हुरहूर येते, धावत्या बेसमधून उमेद येते, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींतून एक निवडावं लागत नाही. उदास गाणं ऐकताना माणूस सहसा बसून राहतो. सिंथवेव्ह ऐकताना आत कुठेतरी तुटत असतं आणि तरी पाय ताल धरून असतात. दुसऱ्या कुठल्याही संगीतानं मला हे इतक्या सहज दिलेलं नाही.

हे घडतं कसं, ते शोधायचं तर यंत्रांपासून सुरुवात करावी लागते. कारण या संगीताचा अर्धा जीव यंत्रांत आहे.

लॅपटॉपवर जुन्या सिंथेसायझरची, म्हणजे विजेच्या लहरींतून आवाज घडवणाऱ्या वाद्याची, नक्कल करणारं एखादं सॉफ्टवेअर उघडावं आणि सगळ्या गुंड्या शून्यावर आणाव्यात. मग एक ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारा भाग, चालू करावा आणि त्याला करवतीच्या दात्यांसारखी सॉटूथ लहर द्यावी. या लहरीत मूळ स्वराच्या वरचे सगळेच उपस्वर असतात. त्यामुळे ती भरगच्च असते, पण नुसती ऐकली तर कर्कश, कानाला टोचणारी. आता दुसरा ऑसिलेटर चालू करायचा, लहर तीच, फक्त सूर अगदी किंचित चढा. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले सहा-सात. लगेच आवाज हलायला लागतो. दोन सूर एकमेकांजवळ येतात, दूर जातात, पुन्हा जवळ येतात, आणि त्या ये-जा करण्याला स्वतःची एक संथ लय असते. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा एकमेकींत मिसळूनही पूर्ण एक होत नाहीत तेव्हा सुराला जी झिलई चढते, ती इथे आठवतेच. मग फिल्टर. वरचे उपस्वर कापत आणले की आवाज मऊ आणि दबका होतो. आता तोच फिल्टर इतका सावकाश उघडायचा की तो उघडतोय हे कळू नये, काहीतरी उजळत चाललंय एवढंच जाणवावं. या सगळ्यात एकही नवीन स्वर वाजलेला नसतो. बोटं पहिल्या जागेवरच असतात. तरी काहीतरी घडून गेलेलं असतं. सिंथवेव्हमधला थांबलेला सूर आतून असा जागा असतो.

रोलंड कंपनीचे जुनो-६० (१९८२) आणि जुनो-१०६ (१९८४) हे या आवाजासाठी फार मानले जाणारे सिंथ. त्यांत प्रत्येक स्वराला ऑसिलेटर एकच, म्हणजे वर सांगितलेली दोन ऑसिलेटरांची युक्ती तिथे करताच येत नाही. शिवाय त्या ऑसिलेटरांवर डिजिटल घड्याळाचा ताबा असल्यामुळे आधीच्या पिढीच्या सिंथसारखे ते वाजता वाजता सुरातून सरकत नाहीत. स्थिर, शिस्तीचे आणि थोडे निर्जीव. रोलंडनं त्यावर उपाय केला तो कोरसचा. मूळ आवाजाची एक प्रत काही सहस्रांश सेकंद उशिरा वाजवायची आणि तो उशीर सतत कमी-जास्त करत राहायचा. त्यामुळे प्रतीचा सूर जरासा चढत-उतरत राहतो, आणि डाव्या-उजव्या कानांत ही हालचाल उलटसुलट होते. पॅनेलवर यासाठी फिरवायची गुंडीच नाही, नुसती बटणं आहेत: एक आणि दोन. बटण दाबलं की बारीक, कोरडा आवाज एकदम रुंद होतो आणि त्याच्याबरोबर एक हलकी सरसर येते. ती त्या काळच्या अ‍ॅनालॉग चिपची सरसर. आजच्या कित्येक सॉफ्टवेअर नकलांमध्ये ती मुद्दाम जपलेली असते आणि नको असेल तर बंदही करता येते. बंद करून ऐकावं एकदा. आवाज स्वच्छ होतो, पण त्यातली ऊब जाते.

यामाहाचा सीएस-८० याच्याही आधीचा, १९७७ चा. वजन साधारण शंभर किलो. त्याची खासियत अशी की एखादी पट्टी दाबून धरल्यावर बोटाचा दाब वाढवला तर तेवढ्या एकाच स्वराचा रंग बदलतो, शेजारचा स्वर आहे तसाच राहतो. यंत्राला बोटाखालचं मन कळावं म्हणून केलेली ही सोय. संगीतकार व्हँजेलिसनं १९८२ च्या 'ब्लेड रनर' या चित्रपटासाठी हेच वाद्य वापरलं. पितळी वाद्यांसारखा तो फुगत जाणारा, वर जाऊन किंचित थरथरणारा आवाज ऐकला की भविष्यातलं ते शहर दिव्यांनी झगमगतंय आणि थकलेलंही आहे, हे चित्र न बघताच समजतं. सिंथवेव्हमधल्या कितीतरी रचनांची सुरुवात या एका फुगत्या आवाजाकडे बघत झालेली आहे.

हे झालं थांबलेल्या सुराचं. धावणाऱ्या लयीचं घराणं वेगळं आहे आणि ते १९७७ मध्ये म्युनिकमध्ये सापडतं. संगीत-निर्माता जॉर्जिओ मोरोडर तिथे गायिका डोना समरसाठी 'आय फील लव्ह' बांधत होता. गाण्यातले बहुतेक सगळे आवाज मूग मॉड्युलर सिंथवरचे. तो सिंथ लवकर बेसूर व्हायचा, म्हणून थोडं थोडं करून ध्वनिमुद्रण करायचं आणि पुन्हा सूर लावायचा. पण मला भारावून टाकते ती त्यातल्या बेसची युक्ती. मूळ बेस एका कानात वाजतो आणि त्याचीच थोडी उशिरा येणारी प्रत दुसऱ्या कानात, बरोबर दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेत. वाजवलंय त्याच्या दुप्पट ऐकू येतं. बेस आता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत सुटतो. त्यावर समरचा आवाज मात्र कसलीच घाई नसल्यासारखा तरंगतो. एवढ्या यंत्रांत तळाचा ढोल तेवढा कीथ फोर्सी या माणसानं वाजवला आहे. दोन गती एकत्र नांदायला लागल्या त्या इथे, असं माझं मत आहे. पुढचं सगळं या गाण्याचं देणं लागतं.

आता तो ड्रमचा ठोका. त्याची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ब्रिटिश गायक पीटर गेब्रियलचा तिसरा अल्बम १९८० साली आला. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ड्रमवर फिल कॉलिन्स होता आणि मिक्सिंग कन्सोलवर ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅजम. वादकांना काचेपलीकडच्या तंत्रज्ञाशी बोलता यावं म्हणून वादनाच्या खोलीत वर एक माइक टांगलेला असे. खोलीच्या कोपऱ्यातून कुणी पुटपुटलं तरी ऐकू यावं यासाठी त्याच्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर, म्हणजे बारीक आणि मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारं यंत्र, बसवलेला. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू राहिला आणि कन्सोलच्या खोलीत जो आवाज आला तो कुणी कधी ऐकलेला नव्हता. खोलीचा सगळा घुमारा चिरडून, दाबून, ठोक्याच्या अंगावर आणून बसवलेला. हा माइक ध्वनिमुद्रणासाठी नव्हताच, म्हणून कन्सोलच्या जोडण्या बदलून घ्याव्या लागल्या. मग त्यावर नॉइज गेट लावला. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की गेट त्याला तोडून टाकतो. म्हणजे ठोका पडला की दालनभर घुमारा, आणि पुढच्याच क्षणी काहीच नाही. गेब्रियलला त्या अल्बमात झांजा नको होत्या, त्यामुळे हा आवाज आणखीच उघडा पडला. अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, 'इंट्रूडर'मध्ये, तो ऐकायला मिळतो.

गेटेड रिव्हर्ब हे त्याचं नाव. मला त्याच्याबद्दल जे वाटतं ते असं: मोठ्या जागेतला घुमारा सावकाश विरतो, हे आपल्या कानांना जन्मापासून माहीत असतं. इथे जागा उघडते आणि विरायच्या आत नाहीशी होते. निसर्गात अशी खोली नाही. त्यामुळे तो ठोका भव्य वाटतो आणि त्याच वेळी किंचित परका, स्वप्नातल्यासारखा. आणि रचनेच्या दृष्टीनं त्याचा उपयोग केवढा! ठोका खरोखर लांब घुमत राहिला असता तर खाली पळणाऱ्या बेसचे तुकडे त्यात बुडाले असते, सगळा चिखल झाला असता. गेटमुळे भव्यपणा मिळतो आणि जागाही मोकळी राहते. दोन गती एकमेकींच्या पायात न येता चालतात, त्याचं बरंच श्रेय या तुटलेल्या घुमाऱ्याला आहे.

कॉलिन्सनं पुढे १९८१ मध्ये स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये हाच आवाज वापरला. त्या गाण्यात साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ रोलंड सीआर-७८ या छोट्या ताल-यंत्राची टिकटिक आणि प्रॉफेट-५ सिंथचे लांब सूर, यांच्यावरच मुख्यतः सगळं उभं आहे. ड्रम येतात ते त्यानंतर. सप्टेंबर १९८४ मध्ये 'मायामी व्हाइस' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या भागात हे गाणं जवळजवळ पूर्ण वाजलं. रात्र, काळी उघडी गाडी, बॉनेटवरून सरकत जाणारे दिवे, दोन गप्प माणसं. मधे एका फोन बूथपाशी गाडी थांबते, एक जण फोन करतो आणि पुन्हा गाडी सुरू. संवाद नावापुरते. रात्रीचा रस्ता आणि सिंथ यांचं लग्न लागलं ते त्या चार मिनिटांत. त्या मालिकेचं संगीत यान हॅमरचं. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, महाविष्णू ऑर्केस्ट्रात वाजवलेला हा माणूस भागागणिक नवं पार्श्वसंगीत करायचा. त्याचं शीर्षक संगीत नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द नसलेली, मालिकेसाठी केलेली रचना!

तिकडे कमी खर्चात चित्रपट करणाऱ्यांनी आणखी एक वाट पाडली. जॉन कार्पेंटरनं 'हॅलोवीन' (१९७८) दिग्दर्शित केला आणि संगीतही स्वतःच केलं, कारण वाद्यवृंद परवडण्यासारखा नव्हता. ती प्रसिद्ध धून पाच मात्रांची. हा ताल त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. सिंथ त्यानं निवडला तो कमी पैशात भरीव आवाज देतो म्हणून. पण ऐकताना गरज दिसत नाही, दिसतो तो नेमका निर्णय: स्वर थोडे, आवर्तनं तीच ती, आणि भीती वाढते ती धून बदलत नाही म्हणून. 'द टर्मिनेटर'साठी (१९८४) ब्रॅड फिडेलनं धातूवर हाणल्यासारखा अडखळता ताल वापरला आणि त्यावर एक करुण धून ठेवली. टँजरिन ड्रीमनं 'थीफ'मध्ये (१९८१) सीक्वेन्सरची, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप वाजवत राहणाऱ्या यंत्राची, वळसे घेत राहणारी सुरावट रात्रीच्या शहरावर सोडली. सिंथवेव्ह ज्यांचं घेणं घेऊन उभं राहिलं त्यांतले बरेच जण असे, गाण्यांच्या क्रमवारीच्या कडेला चित्रपटांसाठी काम करणारे.

मग नव्वदचं दशक आलं आणि हा आवाज जुनाट ठरला. गिटार परतली, सॅम्पलर आले. ते सगळं सोडून देऊ.

परतला तो फ्रान्समध्ये, २००० नंतरच्या दशकात. याला एक अगदी साधं कारण आहे असं मला वाटतं. त्याच सुमारास जुन्या सिंथच्या चांगल्या सॉफ्टवेअर नकला येऊ लागल्या, आणि त्यांत ग्रनोब्लची आर्टुरिया ही कंपनी पुढे होती. शंभर किलोचा सीएस-८० कॉम्प्युटरवर उघडता येऊ लागला. ज्यांना ते वाद्य कधी दिसलंही नसतं त्यांच्या हातात ते आलं. दुसरीकडे फ्रेंच हाउस या नृत्यसंगीतानं, त्यातल्या डाफ्ट पंक या जोडीनं, फिल्टर उघडण्या-मिटण्याची आणि यंत्रातून बोलणाऱ्या आवाजाची गोडी लावून ठेवली होतीच. डेव्हिड ग्रेलिए यानं 'कॉलेज' या नावानं रचना करायला सुरुवात केली आणि २००७ च्या आसपास नाँत शहरात 'व्हॅलेरी' हा गट जमवला. आणि व्हँसाँ बेलॉर्झे याचा कॅव्हिन्स्की आला.

कॅव्हिन्स्की हे नुसतं टोपणनाव नाही, ते एक पात्र आहे. हा तरुण १९८६ मध्ये आपल्या फेरारी टेस्टारोसासकट अपघातात गेला आणि वीस वर्षांनी, २००६ मध्ये, परत येऊन संगीत करू लागला, अशी त्याची कथा. या संगीताची ओळख करून द्यायला इतकी नेमकी कथा दुसरी सापडणार नाही. 'नाइटकॉल' हे त्याचं गाणं २०१० चं. निर्मितीत डाफ्ट पंकचा गी-मानुएल, पुरुषाचा आवाज व्होकोडरमधून आलेला, म्हणजे निम्मा माणूस निम्मं यंत्र, आणि त्याला उत्तर देणारा गायिका लव्हफॉक्सचा उघडा, मोकळा आवाज. २०११ च्या 'ड्राइव्ह' चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर हे गाणं वाजलं आणि त्याच चित्रपटात कॉलेज व इलेक्ट्रिक यूथ यांचं 'अ रिअल हिरो'ही होतं. त्यानंतर हे संगीत थोड्या लोकांचं गुपित राहिलं नाही.

१९८६ हे साल कॅव्हिन्स्कीनं उगीच घेतलेलं नाही. सेगाचा 'आउट रन' हा व्हिडिओ गेम त्याच वर्षीचा, यू सुझुकीनं घडवलेला. त्यातली लाल गाडी टेस्टारोसाच्या वळणाची. पुढे २०१३ मध्ये कॅव्हिन्स्कीनं आपल्या अल्बमला तेच नाव दिलं आणि सिंथवेव्हला बरेच लोक आजही आउटरन म्हणतात. या गेममध्ये शर्यत सुरू व्हायच्या आधी गाडीचा रेडिओ समोर येतो आणि खेळणाऱ्यानं तीन धुनांपैकी एक लावायची असते. हिरोशी कावागुचीनं त्या केलेल्या. आधी संगीत निवडायचं, मग गाडी चालवायची! पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पडद्यावरचं दृश्य. गाडी पडद्याच्या खालच्या भागात जवळजवळ एकाच जागी असते. धावतो तो रस्ता. झाडं, पाट्या, ढग लांबून लहान येतात, मोठे होतात आणि बाजूनं निघून जातात. आकाश तेवढं शांत.

सिंथवेव्हच्या अल्बमांवरचं चित्र आठवून पाहा. काळ्या जमिनीवर झळाळत्या रेषांची जाळी आपल्या पायांखालून सरकतेय आणि क्षितिजावर आडव्या पट्ट्यांनी कापलेला मोठा सूर्य. त्या सूर्याकडे कितीही वेगानं जा, तो मोठा होत नाही. मावळतही नाही. जाळी धावते, सूर्य थांबलेला असतो. हे चित्र फार वापरून गुळगुळीत झालं आहे, मान्य. पण ते टिकलं आहे ते सुंदर दिसतं एवढ्यासाठी नाही. वर पसरलेला सूर आणि खाली पळणारा बेस डोळ्यांना दिसले असते तर असेच दिसले असते.

आता स्मरणरंजनाचं. हे संगीत करणारे बरेच कलाकार १९८५ मध्ये शाळकरी पोरं होते, कित्येकांचा तर जन्मही व्हायचा होता. ऐकणाऱ्यांचंही तेच. न जगलेल्या काळाची ओढ, असं मग म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ऐंशीच्या दशकातली कुठल्याही आठवड्याची लोकप्रिय गाण्यांची यादी काढून ओळीनं ऐकली तर तिच्यातलं फार थोडं सिंथवेव्हसारखं वाटेल. तो काळ या संगीतात जसाच्या तसा आलेला नाही, निवडून आलेला आहे. रात्रीचा रस्ता घेतला, दुपार वगळली. कार्पेंटर घेतला, मोरोडर घेतला, हॅमर घेतला, आणि बाकीच्या ढीगभर गोष्टींना हात लावला नाही.

शिवाय ज्या गोष्टीमुळे ते छातीत भरतं ती ऐंशीच्या दशकातली नाहीच. साइडचेन कॉम्प्रेशन म्हणतात तिला. तळाचा ढोल वाजला की पसरलेला सूर आपोआप खाली दबतो आणि ढोल विरताच पुन्हा वर येतो. ठोक्यागणिक दबणं, उसळणं, दबणं, उसळणं. सगळी रचना श्वास घेतेय असं वाटतं. नृत्यसंगीतात, विशेषतः फ्रेंच हाउसमध्ये, हे तंत्र मुरलं आणि तिथून इकडे आलं. जुन्या चित्रपटांच्या संगीतात दोन गती शेजारी शेजारी होत्या. इथे धावणारी लय थांबलेल्या सुराला हात लावते, त्याला हलवते. ज्याला मी वर हुरहूर आणि उमेद म्हटलं त्या दोघी इथे एकमेकींवर परिणाम करायला लागतात. म्हणून सिंथवेव्हला नक्कल म्हटलं की मला राग येतो. जुने रंग घेऊन नव्या हातानं काढलेलं हे चित्र आहे.

सगळंच चांगलं आहे असं नाही. तीच चार स्वरसमूहांची फेरी, तोच अर्पेजिओ (स्वरसमूहातले स्वर एकामागून एक), तोच स्नेअर ड्रम, असं हजारांनी तयार होतं आणि तासन्‌तास चालणाऱ्या यादीत एकातून दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही. काम करताना लावायला ते बरं असतं. पण ज्यात थांबलेला सूर नुसता भिंत रंगवल्यासारखा सपाट आहे आणि धून सुचलेलीच नाही, ते दुसऱ्यांदा ऐकवत नाही. उलट टाइमकॉप१९८३ या डच कलाकाराचं काम ऐकावं. वेग बेताचा, सूर धुक्यातून आल्यासारखे, आणि धून अशी की ती संपल्यावर तिची जागा रिकामी राहते. एफएम-८४ च्या २०१६ च्या 'अ‍ॅटलस'मधलं 'रनिंग इन द नाइट' ओली राइडच्या आवाजात ऐकावं. ते गाणं एवढ्या मोकळ्या गळ्यानं आशा मागतं की त्यापुढे संकोच टिकत नाही. पर्ट्युरबेटर आणि कार्पेंटर ब्रुट यांची काळी, मेटलकडे झुकलेली शाखा मी कमी ऐकतो. तिथे धावणाऱ्या लयीनं थांबलेल्या सुराला पार तुडवलेलं असतं. ताकद जबर आहे, पण मी ज्यासाठी येतो ते तिथे मिळत नाही.

मोठ्या प्रवाहातही हा आवाज आता घरचा झाला आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) या मालिकेचं शीर्षक संगीत ऑस्टिनच्या सर्व्हाइव्ह गटातल्या काइल डिक्सन आणि मायकल स्टाइन यांचं. त्यात धून म्हणावी असं फार थोडं आहे, नुसती सिंथची चढती-उतरती फेरी आणि सावकाश उघडत जाणारा फिल्टर, आणि २०१७ मध्ये त्याला एमी मिळालं. गायक द वीकेंडचं 'ब्लाइंडिंग लाइट्स' २०१९ च्या अखेरीस आलं. मिनिटाला १७१ ठोके, म्हणजे पळण्याचाही कळस, आणि गाणारा मात्र एकटेपणाचं सांगतोय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या सांगता समारंभात फिनिक्स, अँजेल आणि कॅव्हिन्स्की यांनी 'नाइटकॉल' सादर केलं. स्टेडियमभर माणसं, आणि ते गाणं तरीही एका माणसाशी बोलल्यासारखं.

सॅक्सोफोनबद्दल बोलल्याशिवाय थांबता येणार नाही. द मिडनाइट या जोडीच्या 'एंडलेस समर'मध्ये (२०१६) सॅक्सोफोन येतो तेव्हा पहिल्यांदा थोडं भडक वाटतं. मग लक्षात येतं की तिथे तो हवाच होता. यंत्रानं मोजून कापलेल्या तुकड्यांवर आता एक वाद्य असं आलंय की ज्याचा सूर माणसाचा दम पुरेल तेवढाच टिकतो. तो ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, स्वरावर घसरत येतो, शेवटी थोडा खरखरतो. गनशिप या ब्रिटिश गटानं २०१८ च्या 'डार्क ऑल डे'साठी टिम कॅपेलोला बोलावलं. टीना टर्नरबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेला आणि १९८७ च्या 'द लॉस्ट बॉइज'मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या मैफलीत दिसलेला हा सॅक्सोफोनवादक. तीस वर्षांनंतरही फुंकर तीच, आणि खालचं सगळं संगीत त्या फुंकरीवर प्रेम करत वाढलेल्या पोरांनी केलेलं.

याच गटाच्या 'टेक नॉयर'मध्ये (२०१५) निवेदनाचा आवाज जॉन कार्पेंटरचा आहे. त्याच वर्षी कार्पेंटरनं 'लॉस्ट थीम्स' काढला. चित्रपटासाठी नसलेला त्याचा हा पहिला अल्बम, मुलगा कोडी आणि धर्मपुत्र डॅनिएल डेव्हिस यांच्यासोबत केलेला. वय तेव्हा सदुसष्ट. पुढच्या वर्षी तो बँड घेऊन दौऱ्यावर निघाला आणि जुन्या चित्रपटांच्या धुना मंचावर वाजवू लागला. परवडत नाही म्हणून जे एकट्यानं सिंथवर केलं होतं ते आता गिटार, ड्रम आणि भरलेल्या सभागृहासह. त्या अल्बममधली पहिली रचना 'व्होर्टेक्स'. सिंथवेव्ह कुठून ऐकायला सुरुवात करू, असं कुणी विचारलं तर मी हल्ली 'नाइटकॉल'च्या आधी तीच सांगतो.